टिटवीबाई आणि वडिलांचा दगड

एका जंगलात, मुलांनो, एक मंडळी होती. टोळी नव्हे, कळप नव्हे, चर्चची असते तशी मंडळी. दर रविवारी सकाळी मोहाच्या झाडाखाली ती उपासनेला जमायची. चटया अंथरून नर उजवीकडे बसायचे, माद्या डावीकडे. पिल्लं मध्ये बसायची आणि एकमेकांचे कान चावायची.

पाळकसाहेब घुबड होते. उपासना सकाळची, त्यामुळे त्यांचे डोळे कायम मिटलेले. मंडळी कौतुकानं म्हणायची, आमचे पाळकसाहेब सदा प्रार्थनेत असतात.

खरा कारभार वडील पाहायचे. वडील म्हणजे मंडळीची राखण करायला निवडलेले प्राणी. वयानं मोठे असलेच पाहिजेत असं नव्हतं. शहाणे असलेच पाहिजेत असंही नव्हतं. नर मात्र असायला हवे होते. झाडापुढे एक सपाट दगड होता, त्यावर ते मंडळीकडे तोंड करून बसायचे आणि डोळे मिटून राखण करायचे.

थोरले वडील होते विश्वासराव रानडुक्कर. दुसरे याकोबराव वानर. तिसरे एक म्हातारे सांबर होते, ते नुकतेच प्रभूकडे गेले होते. बिबट्यामार्गे गेले होते.

त्याचं असं झालं. विश्वासरावांची प्रार्थना चालली होती. गवतातून बिबट्या आला. मैदानाच्या कडेला दुर्कसबाई टिटवी उभी होती. तिनं पाहिलं आणि ती जीव खाऊन ओरडली. सगळी मंडळी पळाली. सांबर वडील पळाले नाहीत. आमेन म्हटल्याशिवाय डोळे उघडायचे नाहीत, असा त्यांचा नेम होता. त्या दिवशी आमेन त्यांच्या वतीनं बिबट्यानं म्हटलं.

मंडळी पुन्हा जमली तेव्हा विश्वासरावांनी पहिला प्रश्न विचारला, "प्रार्थनेत आवाज कुणी केला?"

आता या दुर्कसबाईविषयी ऐका. पाय पिवळे, गळा काळा, डोळ्यांपाशी लाल झालर आणि मान अशी ताठ, की जणू जंगल तिच्या माहेरून आलंय. टिटवी आभाळ पडेल म्हणून पाय वर करून झोपते, असं लोक सांगतात. खोटं आहे. जमिनीवर घरटं करणारीला झोप परवडत नाही. शास्त्र तिला कुणी शिकवलं नव्हतं. रविवारी वाचलेलं ऐकायची, घरी जाऊन त्यावर विचार करायची आणि सोमवारी नवऱ्याला फैलावर घ्यायची. नवरा बर्णबाराव, स्वभावानं गरीब. तो म्हणायचा, "अगं, शास्त्र मी नाही लिहिलं."

तर वडिलांच्या दगडावर एक जागा रिकामी झाली. मंडळीची बैठक बसली. विश्वासरावांनी नावं मागितली. मग आवाज आला, "दुर्कसबाईंना घ्या की. राखण तशीही त्याच करतात."

विश्वासरावांनी कान टवकारले. "कोण बोललं?"

"मी. सुगंधा."

सुगंधाबाई म्हणजे सशीण. पदराला लोंबकळणारी पिल्लं आवरता आवरता ती बोलली होती.

"कुठल्या बाजूनं आवाज आला?" विश्वासरावांनी विचारलं.

"डावीकडून," याकोबराव म्हणाले.

"मग तो आला नाही असं समजू. शास्त्रात लिहिलंय, स्त्रियांनी मंडळीत गप्प बसावं. काही समजून घ्यायचं असेल तर घरी आपापल्या नवऱ्याला विचारावं."

दुर्कसबाई पुढे आली. "त्याच शास्त्रात ताडाच्या झाडाखाली बसून अख्ख्या देशाचा न्याय करणारी बाई आहे. तिचं काय?"

"तेव्हा कुणी पुरुष मिळाला नसेल."

"मिळाला होता. सेनापती होता. तो म्हणाला, बाई, तुम्ही बरोबर आलात तरच मी लढाईला जातो."

"तो अपवाद," याकोबराव म्हणाले.

"आणि प्रभूची कबर रिकामी झाली, ही पहिली बातमी कुणी आणली? तुम्ही लोक तर दारं लावून बसला होतात."

"बायकांनी आणली, कबूल आहे," याकोबराव समाधानानं म्हणाले. "पण आम्ही ती खरी कुठे मानली?"

उजवीकडच्या नरांनी माना डोलावल्या. मुद्दा बिनतोड होता.

दुर्कसबाईनं मान आणखी ताठ केली. "बरं. वडील कसा असावा हेही लिहिलंय. सावध असावा. मद्यपी नसावा."

विश्वासरावांच्या मिशांना मोहाची आंबलेली फुलं चिकटली होती. ती त्यांनी जिभेनं आत ओढली. "मी पीत नाही. खातो."

"आणि वडील एका बायकोचा नवरा असावा."

सगळ्यांनी वर पाहिलं. फांदीवर याकोबरावांच्या बायका रांगेनं बसून एकमेकींच्या उवा काढत होत्या. रांग शेजारच्या झाडावर गेली होती.

"ते त्या काळापुरतं होतं," याकोबराव म्हणाले.

"आणि आमचं गप्प बसणं?"

"ते सर्वकाळासाठी."

"कुठलं त्या काळापुरतं आणि कुठलं सर्वकाळासाठी, हे ओळखायचं कसं?"

"अभ्यासानं."

"कुणाच्या?"

"आमच्या."

विश्वासराव म्हणाले, "शिवाय टिटवीचा आवाज अशुभ. ती ओरडली की कुणीतरी मरतं, हे लहान पोरालाही ठाऊक आहे."

"ओरडल्यामुळे मरत नाही हो. मरू नये म्हणून ओरडते."

"तेच ते."

पाळकसाहेबांनी एक डोळा उघडला. "दोन्ही बाजू ऐकून फार बरं वाटलं. आपण यावर प्रार्थना करू." आणि तो डोळा त्यांनी पुन्हा मिटला.

निर्णय झाला. दगडावरची जागा रिकामी ठेवायची. माद्यांनी उपासनेत चोच, तोंड किंवा सोंड उघडायची नाही. प्रश्न असतील तर घरी, नवऱ्याला.

घरी जाताना बर्णबाराव म्हणाला, "जाऊ दे ना. तुला कशाला हवा तो दगड? थंडीत गार पडतो."

"दगड नकोय मला," दुर्कसबाई म्हणाली. "मी जे काम करते, त्याला माझं नाव लागलेलं हवंय. एवढंच. आणि आता हे म्हणतायत गप्प बस, तर बसते. अशी गप्प बसते, की यांनी आठवण काढावी."

बर्णबाराव घाबरला. बायको ओरडते तेव्हा काय करायचं हे त्याला माहीत होतं. ती गप्प बसली तर काय करायचं, हे कुणी शिकवलं नव्हतं.

पुढच्या रविवारी बिबट्या आला.

दुर्कसबाईनं त्याला गवतात पाहिलं, मग गवताबाहेर पाहिलं, मग मागच्या चटईवर पाहिलं. ओरडा तिच्या गळ्यात येऊन बसला. तिनं तो गिळला. ती इकडून तिकडे धावली, पंख पसरले, एका पायावर उड्या मारून दाखवल्या. कुणी पाहिलं नाही. प्रार्थना चालली होती, डोळे मिटलेले होते.

मंडळी वाचली ती विश्वासरावांमुळे, हे मात्र मान्य करायला हवं. त्यांनी त्या दिवशी प्रत्येक झाडासाठी नाव घेऊन प्रार्थना केली. साग झाला, ऐन झाला, धावडा झाला. हिरड्यापर्यंत येता येता बिबट्यानं जांभई दिली. बेहड्याला तो पंजांवर हनुवटी टेकून झोपला. सुगंधाबाईचं धाकटं पिल्लू मऊ लागलं म्हणून त्याच्या पोटाला टेकून बसलं.

आमेन झालं तसा बिबट्या दचकून उठला. आपण कुठे आहोत हे त्याला उमगेना. मंडळीनं डोळे उघडायच्या आत तो गवतात नाहीसा झाला.

"आज कशी शांत उपासना झाली," विश्वासराव म्हणाले. "बायका गप्प बसल्या की असं होतं."

दुर्कसबाई घरी गेली. पदर नीट घेतला, नवऱ्यासमोर बसली आणि शास्त्राप्रमाणे विचारलं, "काय हो, उपासनेत बिबट्या आला तर काय करायचं असतं?"

"ओरडायचं असतं," बर्णबाराव म्हणाला. मग त्याचं पिवळं पाऊल हवेतच राहिलं. "का गं?"

"कुणी ओरडायचं असतं?"

"ज्यानं पाहिलं त्यानं."

"आणि जिनं पाहिलं तिनं?"

बर्णबारावानं पाऊल खाली टेकलं. "वडिलांना विचारून येतो," तो म्हणाला.

वडिलांनी त्याचं आदरानं ऐकून घेतलं. विचारलं, साक्षीदार कोण? तो म्हणाला, बायको. वडिलांनी एकमेकांकडे पाहिलं. याकोबराव त्याच्या पाठीवर थोपटत म्हणाले, "बायकांना काहीबाही दिसतं हो. आमच्या घरात तर रोज कुणा ना कुणाला दिसतं."

त्यानंतरचा रविवार पिल्लांचा होता. पिल्लांनी पुढे उभं राहून गाणं म्हणायचं होतं. विश्वासरावांचा घसा फुलं खाऊन बसला होता, त्यामुळे प्रार्थना अगदीच आखूड झाली. आणि गाण्याच्या दुसऱ्या कडव्याला बिबट्या आला. या खेपेला त्याला झोप नव्हती, भूक होती. तो पोटावर सरपटत आला आणि सुगंधाबाईच्या धाकट्या पिल्लाच्या मागे दबा धरून बसला. पिल्लू डोळे घट्ट मिटून गात होतं. सुगंधाबाई डोळे मिटून ऐकत होती.

दुर्कसबाईनं पाहिलं. बोलावं तर मंडळीतून काढतील. गप्प बसावं तर ससुला जाईल. गप्प बसा असं ज्यानं लिहिलं, तिनं मनात म्हटलं, त्याच्या मंडळीत बिबटे येत नसतील.

आणि ती ओरडली. अशी ओरडली, की घुबडाचे दोन्ही डोळे उघडले. गेल्या रविवारचाही ओरडा शिल्लक होता, तोही तिनं त्यात घातला.

मंडळी उधळली. सगळ्यांत पुढे विश्वासराव होते. थोरले वडील नेहमीच पुढे असतात. सुगंधाबाईनं पिल्लू मानेला धरून उचललं आणि बिळात उडी घेतली. बिबट्याच्या पंजात नुसती चटई आली. ती तोंडात धरून तो खाली मान घालून निघून गेला.

संध्याकाळी वडिलांची बैठक बसली. विषय कठीण होता. मंडळीचं रक्षण झालं होतं. आवाज टिटवीचा होता. पण टिटवी मादी. मादीनं मंडळीचं रक्षण करणं शास्त्रात बसत नव्हतं.

याकोबरावांनी बराच वेळ डोकं खाजवलं. मग त्यांचा चेहरा उजळला. "बर्णबाराव ओरडले असतील."

मुलांनो, नर टिटवी आणि मादी टिटवी दिसायला अगदी सारखी असतात. तेच पाय, तीच झालर. त्यांच्या आयांनाही फरक कळत नाही.

बर्णबारावाला बोलावलं. तो प्रामाणिकपणे म्हणाला, "मी नव्हतो हो. मी घरी होतो. अंड्यांवर बसलो होतो."

वडिलांनी घाईघाईनं इकडेतिकडे पाहिलं.

"नर अंड्यांवर बसतो, असं चारचौघांत बोलू नका," विश्वासराव हळूच म्हणाले. "आम्ही ऐकलं नाही. तुम्ही ओरडलात. आणि आवाज काय भारदस्त होता. बाईचा चिरका आवाज निराळा, हा निराळा. रिकाम्या जागेवर तुम्हीच बसा."

बर्णबाराव रडवेला होऊन घरी आला. त्यानं सगळं सांगितलं. दुर्कसबाईनं घरट्यातल्या खडीवर इतकी चोच आपटली, की ठिणगी पडायची बाकी राहिली.

"माझा ओरडा, आणि मान तुम्हाला?"

"मला नको गं. मला दगडावर बसून सगळ्यांकडे बघायची लाज वाटते. अंड्यांवर कसं, खाली बघितलं की झालं."

दुर्कसबाईनं त्याच्याकडे पाहिलं. माणूस वाईट नव्हता. ऊबदार होता. ती म्हणाली, "बसा तुम्ही अंड्यांवर. मी जाते. खोटं एक अक्षर बोलणार नाही. कुणी विचारलं, तू कोण, तर सांगेन, दुर्कस."

"आणि कुणी विचारलंच नाही तर?"

"तेच बघायचंय."

रविवारी ती सरळ जाऊन दगडावर बसली.

"या, बर्णबाराव," विश्वासराव म्हणाले.

"आले," दुर्कसबाई म्हणाली. आलो म्हणाली नाही, आले म्हणाली. कुणाच्याही कानाला खटकलं नाही. डावीकडच्या माद्यांना पहिल्या घटकेलाच सगळं कळलं होतं. पण त्यांना बोलायची बंदी होती. त्या पदराआड तोंड लपवून आज्ञा पाळत होत्या आणि त्यांचे खांदे गदगद हलत होते.

तिनं कारभार मात्र फार चोख केला. प्रार्थनेत ती एक डोळा उघडा ठेवायची. आजाऱ्याला भेटायला जायची आणि आजाऱ्याचं ऐकून घ्यायची, हे मंडळीत नवीन होतं. विश्वासराव हिरड्याच्या पुढे गेले की खोकायची. बिबट्या आला की ओरडायची. शेवटी बिबट्या कंटाळून दुसऱ्या जंगलातल्या मंडळीत गेला. तिथे म्हणे बायका अजून गप्प बसतात.

"बर्णबाराव कमी बोलतात, पण मुद्द्याचं बोलतात," नर म्हणायचे.

हंगामाच्या उपकारस्तुतीचा रविवार आला. विश्वासराव भाषणाला उभे राहिले. "वर्षभर मंडळीतलं कुणीही खाल्लं गेलं नाही. हे कुणामुळे? बर्णबारावांमुळे. विचार करा बंधूंनो, तेव्हा आपण भावनेच्या भरात बाईला निवडलं असतं, तर आज आपण कुठे असतो?"

दुर्कसबाईच्या डोळ्यांपाशीची झालर लालभडक झाली. गेले काही तास तिच्या पोटात कळ येत होती. शहाण्या टिटवीनं अशा वेळी ओढ्याकाठची खडी गाठली असती. ती उठली नाही. तिनं पिसं फुलवली, दगडावर ऐसपैस बसली, भर उपासनेत, सगळ्यांचे डोळे उघडे असताना, दोनदा अंग हलवलं आणि बाजूला झाली.

दगडावर अंडं होतं. ठिपक्याठिपक्यांचं, ताजं, जरा वाफाळलेलं.

उजवीकडचे नर माना लांब करून पाहू लागले.

"बर्णबाराव," याकोबराव कसेबसे म्हणाले, "हे काय?"

"अंडं."

"कुणाचं?"

"माझं. मी बर्णबा नव्हे, दुर्कस. पहिल्यापासून इथे मीच बसतेय. ओरडले तीही मीच."

आता बोला, असा चेहरा करून ती उभी राहिली. वर्षभर ती या घटकेची वाट पाहत होती.

विश्वासरावांचे डोळे भरून आले. "पाहा," ते मंडळीला म्हणाले, "पाहा ही नम्रता. एवढा मोठा मान मिळाला, तर तोही बायकोला देतायत."

"अहो, अंडं घातलंय मी."

"तेच तर. नरानं अंडं घातलं. आपल्या मंडळीत चमत्कार झाला."

इतक्यात गलका ऐकून खरा बर्णबाराव धावत आला. धापा टाकत तो म्हणाला, "थांबा हो, ती खरं सांगतेय. बर्णबा मी आहे."

विश्वासरावांनी त्याच्याकडे कडक नजरेनं पाहिलं. "दुर्कसबाई, मंडळीत बोलायचं नाही. काही शंका असेल तर घरी जाऊन नवऱ्याला विचारा."

बर्णबारावानं बायकोकडे पाहिलं. बायकोनं आभाळाकडे पाहिलं. आणि मग, मुलांनो, तिला हसू आलं. पहिल्यांदा थोडं आलं, मग आवरेना. डावीकडून सगळ्या माद्या हसल्या. आज्ञा मोडून, तोंड उघडून हसल्या. वडिलांना वाटलं, चमत्काराचा आनंद झालाय. त्यांनी हसू दिलं.

त्याच संध्याकाळी वडिलांनी शास्त्राचा पुन्हा कसून अभ्यास केला आणि नवी अट घातली. यापुढे जो वडील होऊ किंवा राहू इच्छितो, तो नर असावा, आणि त्यानं निदान एकदा तरी अंडं घातलेलं असावं.

अर्ज भराभर आले. आज त्या दगडावर दुर्कसबाईशेजारी तितरराव बसतात, लावेराव बसतात, आणि शेपटी झडलेले एक बुटके मोरराव बसतात, त्यांना त्यांची पिल्लं आई म्हणून हाका मारतात. कारभार सुरळीत चालू आहे. सुगंधाबाईची एकदा तक्रार आली, आम्हाला अंडी होत नाहीत, आमचं काय? "थोडा धीर धर गं," दुर्कसबाई म्हणाली. "यांना आधी अंड्यांची सवय होऊ दे. मग पिल्लांचा चमत्कार काढू."

याकोबरावांनी नव्या अटीपुढे हात टेकले आणि जागा सोडली. विश्वासरावांना सूट मिळाली होती, पण तो प्राणी मानी. त्यांनी ती घेतली नाही. मोहाखाली गवत अंथरून ते रोज सकाळी त्यावर बसतात. काल त्यांच्या पोटात थोडं दुखल्यासारखं झालं. मंडळी आशेवर आहे.

तात्पर्य : शास्त्राचं अक्षरही बदलायची गरज नसते. बाईनं वडील होऊ नये, हे ठरलं ते ठरलंच. वडिलांनी अंडी घालू नयेत असं मात्र कुठेही लिहिलेलं नाही.